गळा तयार आहे, आता गाणं आवरायला शिका

प्रश्न बराच लांब होता, म्हणून आधी त्याचा गोषवारा देते. वय २४, राहायला कोथरूड, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. लहानपणापासून गुरुजींकडे शास्त्रीय गायन, मध्यमा ही परीक्षा पूर्ण झालेली, पुढच्या विशारदचा फॉर्म भरायचा की नाही ते ठरत नाही. कॉलेजपासून गिटार. स्वतः लिहून स्वतःच चाली लावलेली पंधरा-सोळा मराठी गाणी, त्यातली काही ओपन माइकला म्हटलेली. गुरुजींना गिटार फारशी रुचत नाही. एका म्युझिक कंपनीने तीन गाण्यांचा करार पुढे केला आहे. विचारलंय ते असं: क्लास सोडून वेस्टर्न व्होकल्स शिकावं का, नोकरी कधी सोडावी आणि करारावर सही करावी का?

क्लास सोडू नका, नोकरी आत्ता सोडू नका, आणि करारावर आहे तशी सही तर अजिबात करू नका. आता सविस्तर.

तुम्ही पाठवलेली तिन्ही रेकॉर्डिंग ऐकली. गळ्याबद्दल तक्रार नाही. सूर पक्का आहे, श्वास पुरतो, तार सप्तकात आवाज चिरकत नाही. पण तिन्ही गाणी साडेपाच मिनिटांच्या पुढे जातात, आणि मुखडा दर वेळी नव्या जागा घेऊन, आलापाची जोड देऊन परत येतो. हे तालमीचं फळ आहे. ख्यालाची तालीम आपल्याला वाढवायला शिकवते: एका स्वराभोवती फिरा, बढत करा, घाई नको. स्वतःचं गाणं लिहिणाऱ्याला मात्र आवरावं लागतं. कुठली जागा घ्यायची नाही, कुठला अंतरा चांगला असूनही काढून टाकायचा, हे कुणी क्लासमध्ये शिकवत नाही, कारण क्लासचं ते कामच नाही. तुमच्या शिक्षणात उणीव आहे ती एवढीच. वेस्टर्नचा क्लास लावून ती भरून निघणार नाही, कारण तिथेही गळाच घासून देतात. तुमचं अडलंय ते गाण्याच्या बांधणीत.

तरी गुरुजींकडे जात राहा असं मी का म्हणते? मराठी सुगमात ऐकणाऱ्याला सुराचा कस लगेच कळतो, आणि तो रोज तानपुऱ्यासमोर बसल्याशिवाय टिकत नाही. विशारदचं म्हणाल तर, गाणी करण्यासाठी त्याची गरज नाही. पण पुण्यात गाण्यावर पोट भरणारी बहुतेक मंडळी कुठे ना कुठे शिकवतात, आणि पालक मुलाला घालताना ‘तुमचं काय झालंय?’ हे विचारतातच. त्या दृष्टीने गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद हा उपयोगी कागद आहे. त्यापुढच्या अलंकारचा विचार आज करायला नको.

गिटार आणि तालीम यांचं भांडण लोक समजतात तेवढं वैचारिक नाही. ते बरंचसं पट्टीचं आणि गंधाराचं, म्हणजे ‘ग’ या स्वराचं, आहे. तुम्ही काळी चारमध्ये गाता, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तुमचा षड्ज, तुमचा ‘सा’. गिटारच्या पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चाप) लावून जीचे आकार वाजवलेत की षड्ज काळी चारचा मिळतो. काळी पाचला जायचं असेल तर कॅपो तिसऱ्यावर. तुमच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये कॅपो चौथ्यावर आहे, बोटांना सोपं म्हणून गाणं पांढरी सातवर नेलंय, आणि वरच्या षड्जाला जाताना मान ताणलेली ऐकू येते. पट्टी गळ्याने ठरवायची, बोटांनी नाही.

त्याच गाण्याची चाल यमनची आहे, म्हणून तिथेच थोडं थांबते. जीचा आकार म्हणजे षड्ज जी. यमनला तीव्र मध्यम, म्हणजे सी शार्प. तुम्ही ध्रुवपदाच्या दुसऱ्या ओळीखाली सवयीने सी मेजर वाजवली आहे. त्या कॉर्डचा पायाच शुद्ध मध्यम. गळा तीव्र मध्यम घेतोय, खाली गिटार शुद्ध मध्यम वाजवतेय, आणि ऐकणाऱ्याला नाव सांगता आलं नाही तरी काहीतरी खुपतंय एवढं कळतं. तिथे सी काढून ए मेजर घाला. ऋषभ, तीव्र मध्यम, धैवत, तिन्ही यमनचेच. डी, ई मायनर, बी मायनरही चालतील. यमन कल्याणात शुद्ध मध्यम येतो खरा, पण तो दोन गंधारांच्या मध्ये क्षणभर येतो. त्याच्यावर चार मात्रांची कॉर्ड उभी केली की चाल बिलावलाकडे घसरते. भूपासारख्या पाच स्वरांच्या चालीत तर जास्तच जपावं लागतं. स्वर तेच ठेवून खाली षड्जाऐवजी सारखी धैवतावरची मायनर कॉर्ड वाजवलीत की कानाला धैवतच घर वाटायला लागतं. कधी ते मुद्दाम करावं, छान लागतं. नकळत होऊ नये.

गंधाराचं कोडं थोडं बारीक आहे. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार गिटारच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, त्यावरून अंदाज घ्या. गुरुजींनी वर्षानुवर्षं जो गंधार गळ्यात बसवलाय, तो कॉर्डबरोबर लांबवलात की किंचित उतरल्यासारखा वाटतो, आणि मग मिक्सिंग करणारा मुलगा त्याला ऑटोट्यूनने वर ढकलतो. गळा बदलू नका. जिथे गंधारावर ठहराव आहे तिथे गिटारवर फक्त षड्ज-पंचम वाजवा, कॉर्डमधला गंधार गाळा. पंचमात असा फरक जवळजवळ नसतो. गुरुजींना एकदा हे प्रत्यक्ष वाजवून दाखवा. विरोध बहुतेक वेळा वाद्याला नसतो, त्या खुपणाऱ्या गंधाराला असतो.

वेस्टर्नमधून घ्यायचं ते एवढंच: कॉर्ड कशा बनतात, आवाज माइकवर कसा टाकायचा, आणि क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, वाजवायची सवय. सहा महिने चांगल्या शिक्षकाकडे जाऊन हे येतं. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या आठ ग्रेड करायच्या असतील तर आनंदाने करा, पण परीक्षेतून परीक्षेत जाताना गाणी लिहायची राहतात असं मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय.

आता शब्द. इथे मला सर्वांत जास्त बोलायचंय.

आपल्याकडे भावगीतात कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गाणारा वेगळा, अशी वाटणी पक्की झाली. म्हणून आजही तुम्ही स्वतःचं गाणं म्हणून खाली उतरलात की कुणीतरी विचारतं, ‘छान, पण शब्द कुणाचे?’ त्याआधीची परंपरा पाहिली तर शाहीर स्वतःचा पोवाडा स्वतः रचून म्हणतच होते. तेव्हा तुम्ही काही परकं करत नाही आहात. फक्त त्या वाटणीचा एक फायदा तुम्हाला मिळत नाही. संगीतकार कवीला फोन करून सांगायचा, ‘ही ओळ गळ्यात बसत नाही, बदलून द्या.’ तुमच्या घरी हे दोघेही तुम्हीच, आणि एकमेकांशी फार सभ्यपणे वागताय.

तुमच्या तिसऱ्या गाण्याचा मुखडा आहे, ‘पावसात भिजलेली गल्ली ही आपली’. ओळ वाचायला गोड आहे. पण तार षड्ज येतो शेवटच्या ‘ली’वर आणि तिथेच तीन मात्रा थांबायचंय. बायकांच्या गळ्यात त्या उंचीवर ‘ई’ आवळून येते. तुम्ही तो नकळत ‘ले’कडे झुकवलाय, त्यामुळे शब्द कळत नाही. दुसरं, आपण बोलताना ‘भिज्लेली’ म्हणतो. तुम्ही ‘ज’ला स्वतंत्र मात्रा दिली आहे, भि-ज-ले-ली. अभंगात प्रत्येक अक्षर असं पूर्ण उच्चारलेलं चालतं, शोभतं. गप्पा मारल्यासारख्या गाण्यात मात्र ते पाठांतर वाटतं. उलटून पाहा: ‘आपली ही गल्ली, भिजली पावसात’. आता तार षड्ज ‘सा’वर पडतो, ‘आ’ मोकळा लागतो, हवा तेवढा लांबवता येतो आणि शेवटी ‘त’वर ओळ मिटते. ‘भिजली’तला ‘ज’ अर्ध्या मात्रेत उडवा. चाल एका स्वरानेही बदललेली नाही. अशी प्रत्येक ओळ तपासायची: लांब स्वर कुठल्या अक्षरावर आहे, ठेक्याचा जोर बोलण्यातल्या जोराशी जुळतो का, आणि ओळ गाणं न म्हणता नुसती बोलली तर माणसासारखी वाटते का.

आवरायची सवय लावायला मी शिकवताना अभंगाची चौकट देते. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. विषय मुद्दाम अगदी साधा घ्यायचा. एकीने वर्गात हे लिहिलं होतं:

कोथरूड डेपो । गर्दीचा हा मेळा ।
कंडक्टर गोळा । करी पैसे ॥

हे काही थोर काव्य नाही, पण बावीस अक्षरांत जागा, गर्दी, माणूस आणि त्याचं काम आलं. असे आठ-दहा करा. मग तुमचा साडेपाच मिनिटांचा मजकूर किती पाणी घातलेला आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि तारीख लावून घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण दर आठवड्याला एक नवं गाणं याप्रमाणे गेलं, एकूण ५६ गाणी. गदिमा आणि बाबूजी म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी मोठी माणसं, पण प्रक्षेपणाचा वार त्यांनाही चुकला नाही. प्रतिभेची बरोबरी करायला सांगत नाहीये, वार पाळायला सांगतेय. दोन आठवड्यांनी एक गाणं पूर्ण, म्हणजे शब्द, चाल, पट्टी, लय सगळं ठरलेलं आणि फोनवर एकदा मुद्रित केलेलं. त्यातली निम्मी टाकाऊ निघतील, निघू देत.

कार्यक्रमांबद्दल. ओपन माइक सुरुवातीला ठीक, पण तिथे समोर बसलेले बहुतेक जण आपापल्या नंबरची वाट पाहणारे कलाकार असतात. ते टाळ्या वाजवतात, कारण नंतर त्यांनाही हव्या असतात. खरी परीक्षा घेतात ते अनोळखी, थोडे कंटाळलेले, घरगुती प्रेक्षक. पुण्यात ते सोसायट्यांच्या गणपतीत मिळतात. बाणेर, वाकड, सिंहगड रोडच्या मोठ्या सोसायट्या सांस्कृतिक संध्याकाळीला मानधन देऊन कलाकार बोलावतात. तिथे काका-काकू जुनीच गाणी मागणार, हे धरून चला. तीन ओळखीच्या गाण्यांमागे एक आपलं, आणि तेही ‘आता माझं स्वतःचं एक छोटंसं गाणं’ अशी माफी मागत नाही, सरळ सुरू करायचं. मुलं पळत असताना, मागे वडापाव वाटप चालू असताना जी ओळ लोकांची मान वळवते, ती ओळ चांगली आहे. याच्यापेक्षा खरं समीक्षण कुठे मिळणार? कॉलेजात असतात तर फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या एखाद्या टीममध्ये घुसा म्हटलं असतं. नाटकाबरोबर लाइव्ह वाजवताना पन्नास सेकंदांत परिणाम साधायचं जे शिक्षण मिळतं, ते कुठल्याच क्लासात नाही. आताही प्रायोगिक नाटकवाल्यांशी ओळख ठेवा, त्यांना पार्श्वसंगीताला माणूस लागतोच.

वीसेक नीट आवरलेली गाणी झाली की मग सुदर्शन रंगमंच, द बॉक्स, ज्योत्स्ना भोळे सभागृह अशा लहान जागी, तिकीट लावून, दीड तासाचा स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम करा. तिकीट कमी ठेवा, पण ठेवाच. फुकट आलेला माणूस मध्येच उठून जातो. आणि साउंडवाल्याशी मैत्री करा. ‘दादा, मॉनिटरमध्ये गळा जरा द्या, रिव्हर्ब काढा, गिटार डीआयमधून घेताय ना?’ (डीआय म्हणजे गिटार थेट मिक्सरला जोडणारी डबी) एवढं आत्मविश्वासाने विचारता आलं तरी अर्धा कार्यक्रम वाचतो. दोन गाण्यांमध्ये ट्युनिंग करताना लोकांशी बोलायचं काय, तेही आधी ठरवून ठेवा.

रेकॉर्डिंगवर फार लिहीत नाही, त्यावर माहितीचा पूर आहे. फक्त दोन गोष्टी. घरच्या साध्या खोलीत स्वस्त कंडेन्सर माइकपेक्षा चांगला डायनॅमिक माइक बरा, तो मागच्या कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षांचे हॉर्न कमी उचलतो. भिंतींवर गोधड्या टांगा, उगाच फोम विकत घेऊ नका. दुसरं, गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव असतो. तुमची खोली त्या बाजूला असेल तर संध्याकाळचा टेक विसरा.

पैसे आणि नोकरी. स्ट्रीमिंगवर विसंबू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून गाण्याला बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय रॉयल्टीच लागू होत नाही, आणि त्यापुढेही सुरुवातीला हाती पडतं त्यात गिटारच्या तारांचा खर्च निघाला तरी पुष्कळ. गाणी तिथे ठेवायची ती लोकांना सापडावीत म्हणून. उत्पन्न येतं ते शिकवण्यातून, कार्यक्रमांतून, जिंगल आणि लघुपटांच्या कामातून. नोकरी सोडायचा माझा निकष साधा आहे: पैसे देणाऱ्या, आणि दुसऱ्यांदा बोलावणाऱ्या, कार्यक्रमांसाठी तुमची वर्षाची रजा पुरेनाशी झाली की विचार करा. त्याआधी सोडलीत तर भाड्यापायी नको ती कामं घ्याल आणि लिहिणंच थांबेल. तोवर एक काम करा, कपाटातलं नेमणूकपत्र काढून नीट वाचा. आयटी कंपन्यांच्या पत्रात बाहेरच्या कामाबद्दल आणि बौद्धिक संपदेबद्दल कलमं असतात. तुमची गाणी त्यात अडकत नाहीत असं एचआरकडून लेखी घेतलेलं बरं.

आता करार. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात तिन्ही गाण्यांचे ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ एकरकमी मोबदल्यात कंपनीला जातात. विश्वात का, तर छापील नमुन्यात तसं असतं म्हणून. हसा आणि पुढे वाचा.

एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. पहिले दोन तुमचे आहेत, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. तिसरा मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा, म्हणजे स्टुडिओचा खर्च कंपनी करत असेल तर तो त्यांनी मागणं रास्त आहे. तेवढा द्या. पण शब्द आणि चालीवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने तुम्हाला एक कवच दिलंय: गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाच देऊन टाकता येत नाही, माफही करता येत नाही. मसुद्यातलं ‘कलाकार यापुढे कोणतीही रॉयल्टी मागणार नाही’ हे कलम त्यामुळे टिकणारं नाही, तरी ते काढून टाकायलाच सांगा. भांडायला कोर्टात जाण्यापेक्षा आधी खोडलेलं स्वस्त पडतं. मुदत लिहायला लावा. कायद्याने मुदत न लिहिलेला करार पाच वर्षांचा आणि प्रदेश न लिहिलेला करार भारतापुरता धरला जातो, म्हणूनच त्यांनी दोन्ही ठासून लिहिलंय. पाच ते सात वर्षं मागा. आणि ‘यापुढील सर्व रचनांवर कंपनीचा पहिला अधिकार’ ही जी शेवटच्या पानावर दडलेली ओळ आहे, ती तीन गाण्यांच्या करारात कशाला? ती गेली नाही तर करारच नको.

ते ऐकत नसतील तर स्वतः मुद्रण करून एखाद्या वितरण सेवेमार्फत गाणी टाका. तिथेही अटी वाचा. काही सेवांचं वार्षिक शुल्क थांबलं की गाणी खाली उतरतात. संगीत संयोजकाला त्याचं मानधन ठरवून द्या आणि त्याबदल्यात मुद्रणावर त्याचा हक्क नाही असं दोन ओळींत लिहून सही घ्या, मित्र असला तर जास्तच आठवणीने. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्यत्व गाणी बाहेर पडायच्या आधी घ्या, आणि गीतकार व संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी घ्या. फॉर्मवर एकच खूण केलीत तर दुसरा वाटा घरपोच आणून द्यायला कुणी येत नाही.